तिनाच्या दोन

सरकारचा कागद आला, परवान्यावर आता दोनच.
तीन असतील त्याने एक जमा करावी.
तशा माझ्या तिन्ही दर निवडणुकीला
एरंडोलच्या ठाण्यात राहून यायच्या,
परतायच्या त्या जप्त सायकलींच्या गंजाचा
आणि मोहाच्या दारूचा वास घेऊन.
पण परतायच्या.

पहिली दिसायला थ्री-नॉट-थ्री.
तेच लाकडी अंग, तीच पितळी टाच,
आत मात्र नळीत नळी.
मोठी गोळी महाग, तिचा धक्का दांडगा,
म्हणून लढाईवर जाणारी पोरं आधी हिच्यावर शिकली.
हिची गोळी शेंगदाण्याएवढी.
आवाज म्हणाल तर
वाळलेली तुरकाठी गुडघ्यावर मोडावी, तेवढाच.

दुसरी मार्टिनी. कळ खाली ओढली
की आ वासते.
धुळ्याच्या हातिमभाईंनी लिलावातून आणली,
तिच्यापायी जळगावच्या कचेरीत माझे अकरा हेलपाटे.
दस्त्यावर कुणी खिळ्याने कोरलंय : गो. रा. ४१.
साल असेल, नाहीतर हजेरीचा नंबर.
मी त्याला गोरख म्हणतो.
गोरख पुढे कुठल्या वाळवंटात गेला, परतला का,
की नुसताच नापास होऊन घरी कापूस वेचला,
हे लाकूड सांगत नाही.

तिसरी इशापूरची. एका वेळी एक गोळी.
कॉलेजात एनसीसीला
अशाच एकीने मला श्वास अर्ध्यावर धरायला शिकवलं.
पुढे तीस वर्षं शाळेत पीटी घेतली,
शिट्टी फुंकली, पोरं पळवली,
पण शिकलो ते तेवढंच.

वैशाखात लोखंड पोळतं, म्हणून सकाळी सातलाच रेंजवर.
पन्नासची एक डबी. सतरा, सतरा, सोळा.
पहिलीने कागदावर एका रुपयाखाली झाकतील
अशी सगळी भोकं पाडली.
मार्टिनी नेहमीसारखी डावीकडे वाहवत गेली.
किती वाहवते ते फक्त मला माहीत,
म्हणून ती ठेवली.
चांगल्या नेमाची कुणाच्याही हातात चांगलीच वागेल.
इशापूरचीबद्दल मी स्वतःला विचारलंच नाही.

ठाण्यात हवालदार बाविस्करने ती उलटीपालटी केली,
नळीत डोळा घालून बघितलं (मी ओरडलो),
म्हणाला, "सर, बंदूक से का पिचकारी?"
पावतीवर लिहिलं : रायफल, जुनी, एक.
"जुनी" खोडायला सांगणार होतो.
मग म्हटलं, खोटं कुठे आहे.

घरी ही म्हणाली,
"बंदूक से ती, पोर नही. जेवी ल्या."
जेवलो.
पितळी टाचेचा वास
उजव्या हाताला अजून आहे.
साबणाने जाईल.
घाई नाही.