पटलावर ठेवले आहे

पर्वरीच्या टेकडीवर, सभागृहाच्या मधोमध
माझी खुर्ची सगळ्यांत बुटकी.
एकवीस वर्षं मी बोललेलं लिहिते,
दहा मिनिटं मी, मग केरकर, मग पुन्हा मी.
खोकला लिहायचा नाही.
हशा लिहायचा, कंसात.

परवा बेनेदितो रेबेलोंनी विचारलं,
तारांकित प्रश्न, क्रमांक सत्तेचाळीस :
मुरगावच्या धक्क्यावरून आठ महिन्यांत
किती पेट्या गेल्या, कुठं उतरल्या,
पिसुर्लेच्या कारखान्यात ओततात ती पोलादी कवचं
कुठल्या तोफेत बसतात,
आणि परवाना देताना
कुणी कुणाला काय विचारलं?

मंत्री उठले, कागद वाचला.
अ : माहिती गोळा करण्यात येत आहे.
आ : खरेदीदार मित्रराष्ट्र आहे.
इ : विषय केंद्राच्या अखत्यारीतला.
ई : प्रश्न उद्भवत नाही.

रेबेलो म्हणाले, शेजाऱ्याला कोयता उसना देताना
माझी आईसुद्धा विचारायची,
बाबा, कापणार काय आहेस?
(हशा)
मग म्हणाले, तिथं परवा एक शाळा
आणि घंटा वाजली.
'शाळा' कामकाजातून काढून टाकण्यात आली.
लघुलिपीत ती एक आडवी रेघ असते,
टोकाला अर्धा आकडा.
खोडायला वेळ लागत नाही.

पिसुर्ले म्हणजे माझं सासर.
खाण बंद पडली तेव्हा दिराचा ट्रक विकला,
आता त्याचा दीपराज दुसऱ्या पाळीला जातो.
काय करता रे तिथं, मी विचारलं.
पंपाचे भाग, काकी, म्हणाला,
आणि पोईचा तुकडा रश्श्यात बुडवून
तसाच धरून बसला,
विरघळून पडेपर्यंत.

आमच्या माहेरच्या वाड्यावरचे सगुण गांवस
पंचावन्न साली पत्रादेवीला गेले होते,
लंगडत परत आले.
त्यांच्या सुपारीच्या डब्यात
कुणीतरी तिथून उचललेली
गोळीची रिकामी पितळी टोपी असायची.
मी लहानपणी अंगठ्यावर बसवून बघायची.
बुडाशी अक्षरं होती.
पोर्तुगीज नव्हेत ती, ते सांगायचे,
पाखल्यांना दुसऱ्याच कुणी दिली.
कुणी?
मित्र असणार, पोरी. परका कोण देतो फुकट.

त्या देशातही सभागृह असेल.
तिथंही मधोमध बुटकी खुर्ची,
आणि पेन्सिल तासून बसलेली कुणीतरी,
जिला गोवा कुठल्या समुद्राकाठी ते माहीत नव्हतं
पण 'मित्रराष्ट्र' लिहिताना
हात अडखळला नाही.

आज मजकूर तपासायला आला.
हशा जागेवर आहे. उत्तर जागेवर आहे.
खाली शिक्का : प्रत पटलावर ठेवली आहे.
खिडकीतून मांडवी दिसते, एक रिकामी बार्ज
तांबडी पडून, अजून धुतलेली नाही.
केरकर म्हणाला,
इथं 'एक' नंतर जागा जास्त सुटलीय गं.
म्हटलं, सुटू दे.