ओ

हाइलुओतो बेटाकडे जाणारा बर्फाचा रस्ता
गाड्यांना कधी खुला करायचा, हे सांगणारी पेटी
माझ्या टेबलावर उघडी पडलीये.
आत एक चिप, करंगळीच्या नखाएवढी.
मोठी बॅटरी उपसली तरी
बटणाएवढ्या सेलवर ती तारीख-वार धरून बसते.
विचारलं की सांगते. विचारलं तरच.

तिचा ड्रायव्हर कुणीतरी नऊ वर्षांपूर्वी लिहिला:
वेळ वाचा, वेळ लावा, दोनच कामं.
गजराच्या जागी एका ओळीची टीप,
"नंतर बघू."
ते नंतर आता आलंय, माझ्या वाट्याला,
जानेवारीत, औलूमध्ये,
दुपारी तीनलाच खिडकी काळी.

पेटी सतत जागी राहिली तर अकरा दिवसांत संपेल.
म्हणून तिने झोपायचं. पहाटे चारला उठून
बर्फाची जाडी मोजायची, आकडा पाठवायचा,
पुन्हा आडवं व्हायचं.
झोपलेल्याने स्वतःला उठवायचं कसं?

गजराचे चार कप्पे: मिनिट, तास, तारीख, वार.
सेकंदाला कप्पाच नाही.
कुणी चार वाजून तीस सेकंदांचा गजर मागितला
तर मी तो पुढच्या मिनिटावर ढकलायचा.
उशीर चालतो. वेळेआधी उठवलेलं चालत नाही,
माझ्या नवऱ्यालाही नाही, पण तो विषय वेगळा.

प्रत्येक कप्प्याच्या टोकाला एक बिट,
एक लिहिलं तर बंद, शून्य लिहिलं तर चालू.
हे ज्याने ठरवलं तो घरी कसा बोलत असेल?
जेवणार का विचारलं, नाही म्हणाला,
म्हणजे वाढा.

पहिल्या पहाटे पेटी उठली. सत्तावीस सेंटिमीटर.
मी एकटीनेच कॉफीचा कप उंच केला.
दुसऱ्या पहाटे काही नाही.
तिसऱ्या पहाटे काही नाही,
आणि साडेचारला ओइवा सिपोलाचा फोन.
तीस हिवाळे तो त्याच रस्त्यावर
हाताने गिरमिट फिरवून भोकं पाडतोय.
चारला जाग येते त्याला, गजर न लावता.

"तुझी पेटी मेली का गं, रायसा?"
"मेली नाही. झोपलीये."
"मग हाक मार."
"चिप मारतेय ना. पहिल्यांदा उठली, आता उठत नाही."
तो थांबला. मागे वारा ऐकू येत होता.
"माझी आई अंगणातून एकदाच हाक मारायची.
मी ओ दिली नाही, तर दुसरी हाक नाही.
ताट थंड."

पान अठरा, तळटीप, मुंगीएवढी अक्षरं.
गजर वाजला की चिप एक निशाण वर करते
आणि तार खाली ओढून धरते.
निशाण कुणी उतरवेपर्यंत धरूनच ठेवते.
आधीची हाक अजून तारेवर ताणलेली,
नवी जाणार कुठून?
पेटी तर उठली होती, मोजून आली होती,
फक्त ओ द्यायची राहिली,
म्हणजे मी शिकवायची राहिले.

एका बिटावर शून्य.
शेजारी टायमरचं निशाण आहे, त्याला हात लावायचा नाही.
लिहायला एक मिनिट,
सापडायला तीन रात्री आणि एका कोळिणीची
साठ वर्षांपूर्वीची सवय.

बदलासोबतची नोंद मी कोरडी ठेवली:
गजराची सोय जोडली.
चाचणी, उणे चोवीस अंश, सलग नऊ पहाटा.
"नंतर बघू" पुसलं. एक प्रत
नऊ वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला पाठवली,
पत्ता अजून चालतो की नाही कोण जाणे.

आज पेटीचे एकतीस, गिरमिटाचे तीस.
"तुझी जरा आशावादी आहे," ओइवा म्हणाला.
मी म्हटलं, आता तुला पहाटे जायची गरज नाही.
"जाग येते," तो म्हणाला,
"तिचं काय करू?"