चाळीस मिलिमीटर

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शटर अर्धं खाली, बाहेर सत्तेचाळीस,
आत पंखा तोच गरम वारा पुन्हा पुन्हा वाढतो.
टेबलावर भंगारातल्या सनीची वायपर मोटर.
इथे पाऊस वर्षातून चार दिवस,
म्हणजे बिचारी जवळजवळ कोरीच.

काम एवढंच : अत्तराच्या बाटलीवर टोपण बसवायचं.
वीतभर हात, चाळीस मिलिमीटर पुढे जायचा,
दाबायचा, मागे यायचा.
मोटरला मात्र एकच गोष्ट येते. गरगर.

आधी आठचा आटेदार रॉड जोडला,
त्यावर पितळी नट, नटावर हात.
बटण दाबलं. रॉड फिरला, नट फिरला,
हातही फिरला वरातीत नाचल्यासारखा
आणि टोपण जिथल्या तिथे.
लेथवरून गुलरेझ ओरडला,
"ओ कोष्टी, नट को पकड!"
दोन बोटांत धरला.
बोटांना त्याची ओढ लागत होती, फिरायची.
मी सोडेना.
मग तो सरकू लागला, सरळ, गपचूप,
जसं काही त्याच्या मनात आधीपासून तेच होतं.

बोटांच्या जागी दोन गुळगुळीत सळया आल्या.
तरी बत्तीस फेऱ्या लागायच्या.
बू हुमैद घड्याळ बघत म्हणाला,
एका बाटलीला पाऊण मिनिट? तोवर वास उडून जाईल.
देऱ्याहून दुसरा स्क्रू आणला, रुंद आट्यांचा,
पाच फेऱ्यांत तेच अंतर.

रात्री बाबांना व्हिडिओ पाठवला.
इचलकरंजीत चाळीस वर्षं मागावर जॉबर,
धोट्यांच्या आवाजात कान गेले.
लहानपणी मला वाटायचं, धोटा आपल्या मनानं जातो.
त्यांनी मागाखाली वाकवून दाखवलं होतं,
बघ, चाक फिरतंय, काठी मारतीय,
हा नुसता मार खातोय.

ऐकू येत नाही, म्हणून ते बघतात नीट.
सकाळी मेसेज, आईच्या हातचा :
तुझे वडील म्हणतात, मागं येताना अडखळतंय की रं.

खरंच. दिशा बदलली की
मोटर फिरते, स्क्रू फिरतो,
नट मात्र आट्यांमधल्या फटीत क्षणभर तसाच.
तेवढी फेरी पोकळ.

रजेवर घरी गेलो की माझंही हेच.
विमान उतरतं, रिक्षा दारात थांबते,
सगळ्यांच्या गळ्यात पडून होतं,
चार घरचे चहा पिऊन होतात,
मी फिरतोय, पण अजून आलेलो नाही.
तिसऱ्या दिवशी कधीतरी, हौदातून बादली काढताना
आटा टेकतो.
तोवर परतीच्या तिकिटाची तारीख
सगळ्यांना पाठ झालेली असते.

गुलरेझ म्हणतो, दोन नट घाल, मधे स्प्रिंग,
फट राहणारच नाही.
स्प्रिंग आणलीय. खिशात आहे.
टोपणाला तेवढी फट चालते, असं बू हुमैदला सांगितलं,
आणि आज अठराशे बाटल्या.
टक्.
टक्.
मधे प्रत्येक वेळी तो एवढासा थांबतो,
मी बघत राहतो.