कच्चा डाख

टोलेडोत जानेवारीत नदी गोठते
आणि माझ्याकडे गर्दी होते.
तळघरातले, गॅरेजमधले, चर्चच्या माळ्यावरचे
जुने व्हॉल्व्हचे अँप्लिफायर
लोक ब्लँकेटात गुंडाळून आणतात.
मोठा कर. अजून फाटू दे आवाज.
अमक्याच्या रेकॉर्डवर येतो तसा कर.
करतो. पोट त्यावरच आहे.
पण काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून
त्याच खोक्याच्या आत चिकटवून ठेवतो.
गिऱ्हाइकाचं मन फिरतं,
त्याचं नाही, तर त्याच्या मुलाचं फिरतं.

मंगळवारी ओटिली बाकोश आली. ऐंशी पार.
मागे नातू, आणि त्याच्या कडेवर
गॅबोरचा अँप्लिफायर.
गॅबोर तिचा भाऊ. आठवडाभर काचेच्या कारखान्यात,
शनिवारी रात्री हंगेरियन क्लबात गिटार.
ऑक्टोबरात गेला.
"वायर बदल," ती म्हणाली, "पोराला झटका नको बसायला.
बाकी कशाला हात लावू नकोस.
त्या खरखरीला तर मुळीच नाही."

कसली खरखर?

"दहा मिनिटांनी येते. तापल्यावर."

मागची फळी काढली.
एक हात खिशात: लेस्टर हॉब्जनं मला
पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच.
दोन्ही हात आत गेले की वीज छातीतून वाट काढते.
प्लग काढला म्हणून कपॅसिटर विसरत नाहीत,
चारशे व्होल्ट दातांत धरून बसतात.
आधी त्यांना रिकामं केलं.

आत कागदी पट्टी, त्यावर पेन्सिलनं: कॉन्सुएलो.
साठ वर्षांपूर्वी जिनं हे जोडलं ती.
पाळी सुटायची वेळ असेल, पाय भरून आले असतील,
पण डाख बघा बाईचे,
मसुराएवढे, चकचकीत,
तारेला बिलगलेले.
मी असं काम पाहिलं की टोपी काढतो. दुकानात कोणी नसतं तेव्हा.

नवी वायर घातली, तीन पिनांची.
एक जीवघेणा कपॅसिटर होता, तो काढला.
मग चालू करून बसलो. व्हॉल्व्ह लाल झाले,
धूळ जळल्याचा वास आला,
आणि बरोब्बर दहा मिनिटांनी ती आली.
चिनी हॉटेलातली लाकडी काडी घेतली,
एकेक जोड टोचत गेलो.
सातव्याला खर्र.

करडा, रवाळ,
तारेवर नुसता बसलेला.
हा कॉन्सुएलोचा असणं शक्य नव्हतं.
शेजारी अक्षर होतं, खाली घसरत गेलेलं:
व्ही. पी., मार्च ८८.

व्हर्लन प्रूइट. मी.

त्या साली मी सकाळी दहालाच सुरू करायचो.
डाख निवेपर्यंत तार हलू द्यायची नसते,
तीन सेकंद स्थिर राहायचं,
कामातलं अवघड ते एवढंच.
तेवढंही जमलं नाही तेव्हा,
इथे नाही आणि घरीही नाही.
आणि गॅबोरनं, ज्याचे मी अठरा डॉलर घेतले,
एकदाही येऊन विचारलं नाही.

सळई तापलेलीच होती.
आता हात थरथरत नाही. एकतीस वर्षं झाली.
टोक जवळ नेलं. परत जागेवर ठेवलं.

शनिवारी ओटिलीला सगळं सांगितलं.
ती बराच वेळ हातमोजे काढत राहिली.
"मला वाटायचं, तो घसा खाकरतोय," म्हणाली.
"त्याला गायचं असायचं, माहितीये?
कधी धीर झाला नाही."

नातू मध्येच म्हणाला,
आणि पुढं कधी दुरुस्त करावीशी वाटली तर?

बिलात वायर लिहिली, कपॅसिटर लिहिला.
मग खोक्यात एक पाकीट चिकटवलं,
नेहमीपेक्षा हलकं:
आत दोन इंच डाखाची तार
आणि चिठ्ठीवर खूण, सातवा जोड, डावीकडून.