शिल्लक

रविवारी साडेनऊला शटर अर्धं खाली ओढतो.
काउंटरच्या काचेवर नकाशा पसरतो आम्ही,
खाली खोकल्याच्या बाटल्या, वर गुहा.
रामबागेतल्या ह्या दुकानात एरवी मी केमिस्ट.
ह्या रात्री जादूगार, पाचव्या पातळीचा,
प्राण एकोणीस, बीपीची गोळी जेवणानंतर.

माझी पोथी म्हणजे खजुरी बाजारातून आणलेली
लाल कापडी बांधणीची उभी वही.
ती खरोखर लिहावी असं नियमांत कुठेच नाही.
मी लिहितो.

पहाटे उठायचं, पोथी उघडायची,
आजच्यापुरते मोजके मंत्र डोक्यात भरून घ्यायचे,
डब्यात पोळ्या भराव्यात तसे.
दोनदा झोप पाडायची असेल
तर झोपेचाच मंत्र दोनदा भरायचा.
म्हटला की गेला.
जिभेवरून सुटला की ती जागा पुसलेल्या पाटीसारखी,
नुसतं कळतं, इथे काहीतरी होतं.

दुसऱ्याचा मंत्र सापडला म्हणून आपला होत नाही.
आधी अक्षर लागावं लागतं,
ज्याच्या त्याच्या खुणा, ज्याची त्याची घाई.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
एमवायसमोर उमेदवारी केली मी:
शेपूट म्हणजे दिवसातून दोनदा,
आडवी रेघ म्हणजे जेवणानंतर,
आणि डॉक्टर पळशीकरांचं तर
मला एकट्यालाच लागायचं.
ते जाऊन चार वर्षं झाली.
परवा एक बाई त्यांची चिठ्ठी घेऊन आल्या,
घडीवर फाटलेली. वाचून दिली.

मग शाई. पानामागे शंभर मोहरा.
जुजरचं सियागंजात रंगाचं दुकान,
तो दर वेळी कपाळावर हात मारतो:
भाई, इतने में तो मैं पूरा किला पोत दूँ.

गेल्या रविवारी ओजस्विनीने
पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
कॉलेजात फिजिक्स शिकवते, वाईट बातमी नीट देते.
म्हणाली, आग तुझ्या पिशवीला लागली.

एकेचाळीस मंत्र.

मी लाल वहीकडे पाहिलं. ती शेवेच्या पुड्याशेजारी शाबूत.
तिनेही पाहिलं. म्हणाली, मिट.
मी मिटली. ज्या ड्रॉवरमध्ये
मुदत संपलेला माल परत पाठवायला ठेवतो,
त्यात ठेवली, कुलूप लावलं.

आता फक्त सकाळचे. झोपेचे दोन,
एक कोळ्याच्या जाळ्याचा, एक उजेडाचा,
एक बंद दारासाठी,
आणि उरलेल्या फटीत, भरायचं म्हणून भरलेला,
पिसासारखं हळू खाली उतरायचा.
न म्हटले तर नव्या पोथीत उतरवता येतील.
म्हटले तर कुठेच नाहीत.
झोपेचा एक वापरला. एक मागे होता म्हणून.
बाकीच्यांवर बसून राहिलो,
अंधारातसुद्धा. जुजर दोनदा ठेचकाळला,
उजेड म्हण की, म्हणाला. मी नाही म्हटला.

तेवढ्यात कपिश पुलावरून पडला.
चौथ्यांदाच आलेला पोरगा,
अजून दुसऱ्याचे फासे मागून घेतो.
खाली दीडशे हात, खडक.
ओजस्विनी माझ्याकडे बघत नव्हती,
मुद्दाम.

म्हटला.

कपिश हळूहळू उतरला,
त्याची टाचसुद्धा वाजली नाही.
वर बघून म्हणाला, काका, तो परत मिळेल ना?
बघू, म्हटलं. शेव खा.

सोमवारी खजुरी बाजारात गेलो.
दुकानदार म्हणाला, एवढ्यात भरली?
रात्री पहिलं पान कोरं सोडलं,
दुसऱ्यावर झोप उतरवली, तिसऱ्यावर जाळं.
हात सारखा मागे वळत होता, कोऱ्या पानाकडे.
अक्षर माझंच आहे, दोन फुटांवर, ड्रॉवरमध्ये.
चावीही माझ्याच खिशात.
उजेड लिहायला घेतला.