दहा कलमांचा कागद

अँटॉप हिलच्या आमच्या ल्यूथरन देवळाची किल्ली
एकोणीस वर्षं माझ्या कनवटीला.
रविवारी सकाळी आठला आम्ही मराठी मंडळी,
साडेदहाला गुंटूरकडचे तेलुगू,
आणि दुपारी तीनला, भांडी-पोरं आवरून सुटलेल्या
खुंटी-सिमडेगाच्या पोरी.
'यीशु सहाय' म्हणत दारात वाकतात.
बाहेरच्या चपला बघून मला कळतं
कुणाची मालकीण कसलं जुनं देते.

करार टाइप केलेला आहे. दहा कलमं.
पंख्यांचं बिल तीन वाटे.
खुर्च्या मांडेल त्यानं उचलाव्या.
कलम सहा मांदराचं:
वाजवावा, पण वेदीपासून लांब, आणि सहाच्या आत.
यावर पाळक वाघचौरे आणि त्यांचा प्रचारक मनोहर टोपनो
दोन तास बोलले, चहा तीनदा झाला.
कलम नऊ गीतक्रमांकाच्या फळीचं,
कारण लाकडी आकड्यांत चार एकच उरलाय
आणि तो ज्यानं त्यानं परत खोक्यात टाकायचा.

मातीचं कलम नव्हतं.

सुमंती होरो. पवईत सतराव्या मजल्यावर
जुळी सांभाळायची. कावीळ झाली तरी
बोलली नाही, खाडे कापतील म्हणून.
गावी न्यायचं तर विमान, पेटी,
रांचीपासून पुढे गाडी.
मालकांनी अर्धे देऊ केले.
उरलेल्या अर्ध्यात साऱ्या पोरींचे सहा महिने.
टोपनो माझ्याकडे आला, किल्ली मागायला नाही.
उभाच राहिला. पाणी दिलं ते प्यायला,
पेला स्वतः धुऊन पालथा घातला.

कमिटी बसली.
शिवडीत आपल्यालाच जागा नाही, कुणी म्हणालं.
ते खोटं नव्हतं.
कुणी म्हणालं, कागदात बघू.
कागद दोनदा वाचला,
मग उलटा करून बघितला.
मागे चहाचा हिशेब होता.

माझ्या आईची कबर आहे, मी म्हटलं.
बावीस वर्षं झाली. उघडता येते.

म्हटलं खरं, पण रात्री डोळा लागेना.
आई, रत्नमाला शांतवन रणनवरे,
बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून खडी फोडत फोडत
इथवर पोचलेली.
पाच वर्षं मागच्याच बाकावर बसली,
शास्त्रपाठ वाचायला उठली की
तिच्या बोलीला पुढचे बाक हसायचे.
हे सगळं खरं. पण अंथरुणात
कुणाचा पाय लागलेला तिला खपत नसे.
मला, पोटच्या पोरीला, कोपरानं भिंतीकडे सारायची.
आणि आता ही परकी, चोवीस वर्षांची,
जिची एक ओळ तिला कळणार नाही.

शिवडीला तिन्ही मंडळ्या आल्या.
तेलुगू बायकांनी अबोलीचे गजरे आणले.
मांदर आणला होता, वाजवला नाही,
चादरीत गुंडाळून टोपनोच्या पायाशी.
प्रभूची प्रार्थना कुठल्या भाषेत, ते ठरलंच नव्हतं.
सगळ्यांनी आपापली सुरू केली.
तेलुगू आधी पोचले, मग आम्ही,
पोरींची मुंडारी मागे रेंगाळली
आणि आमेन तीनदा झालं.
ती जुळीही आली होती, मालकिणीच्या कडेवर एक,
ड्रायव्हरच्या कडेवर एक.
दोर सुटताना माझ्या तोंडून निघालं,
सरक गं जराशी.
कुणाला म्हणाले, मलाच ठाऊक नाही.

पुढच्या शनिवारी सिमेंटच्या क्रूसाशी रंगारी बसला.
आईच्या नावाखाली चार बोटं जागा.
होरो म्हणजे काय हो, त्यानं विचारलं,
आडनाव का गाव?
कासव, टोपनो म्हणाला. आमचं कूळ.
रंगारी हसला नाही.
दोन्ही अक्षरांच्या पाठी जरा जास्त गोल काढल्या
आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला.