टीडीएस वजा जाता

महिन्याच्या तीस तारखेला
मी डॉक्टर वारकेंची स्लिप काढतो.
जळगावच्या रिंगरोडवर सगळ्यात मोठा आकडा त्यांचा,
असं खालचा चहावाला सांगतो,
माझा मेहुणा सांगतो,
यावलला त्यांच्या माहेरची अख्खी गल्ली सांगते.

एक्सेलमध्ये आकडा जरा अंग चोरतो.
ॲन्जिओग्राफीचे इतके, प्लास्टीचे इतके,
योजनेतल्या बारा जणांचे
फेब्रुवारीपासून मंजुरीत अडकलेले,
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कॅथलॅबचा हप्ता
कुणाच्या छातीत दुखो न दुखो
पाच तारखेला जातोच.
रात्री दोनचा कॉल करारात नाही.
तिथं मी शून्य टाकतो.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला
की पेशंट वाढतात, आकडाही.
तेव्हा बाई स्लिप न उघडता
पर्समध्ये सरकवतात.

पहिला धड पगार हातात आला
तेव्हा त्या सदतीसच्या होत्या.
भावानं तोवर केळीच्या ट्रकांवर
दोन मजले चढवले होते.
पुण्याहून फोन येतो, दीडपट देऊ म्हणतात.
दाराआडून मी ऐकलंय:
"तिथं एका सिग्नलला माझ्यासारखे चार भेटतील.
इथं सख्ख्या भाचीच्या लग्नात
मला भरल्या ताटावरून उठवतात."
पुढे हो म्हणाल्या की नाही,
लिफ्ट आली, कळलं नाही.

गेल्या मंगळवारी धरणगावचे हिलाल आप्पा,
जिनिंगच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेले,
डिस्चार्जचा कागद घेऊन खिडकीशी वाकले.
"भाऊ, मना काळीजले काय भाव लागना?"
मी पॅकेज सांगितलं.
"आनि बाईले त्यामाईन कितला?"

सांगायला नको होतं. सांगितलं.

आप्पांनी डोळे मिटले,
ओठातल्या ओठात काहीतरी वजा केलं,
पुन्हा केलं.
"इतलाच?
घट जास्त धरी ऱ्हायनात तुम्ही."
आणि छातीवरची पट्टी सदऱ्याखाली सारखी करत
पारोळ्याच्या गाडीची वेळ विचारली, लेकीकडं जायचं होतं.

आज तीस तारीख.
दहा टक्के कापले.
मग शीटच्या शेवटी
एका रिकाम्या चौकटीत
कर्सर नुसताच
थोडा वेळ लुकलुकू दिला.